विळीची सुटका आणि प्राजक्ताची फुगडी

मी एक जुनी विळी आहे. मसुरे गावातल्या सुभद्राच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम. लोहाराने मला घडवले, फणसाच्या पाटावर बसवले आणि टोकाला नारळ खवायचे दात काढले. मित्रांनो, चाळीस वर्षांत माझ्याइतके खोबरे या वाडीत कुणी खवले नसेल. एवढी बढाई मला शोभते!

माझ्या खोबऱ्याची सोलकढी म्हणजे या घरचे औषध. पोट दुखले की दोन पेले. सून प्राजक्ता पोट धरून बसू लागली, तेव्हा सुभद्राने मला पुढे ओढले आणि कढीत मूठभर लसूण ठेचून घातला.

"पी गो, पोटाक बरां वाटतलां."

बरे काही वाटेना. कधी पोट फुगे, कधी एकाएकी कळ येई आणि धावावे लागे. बिचारी लाजेने कुणाला सांगत नसे.

गेल्या चतुर्थीत देवळात फुगड्यांची स्पर्धा होती. प्राजक्ताची जोडीदारीण शेजारची विनीता. पोटाने घात करू नये म्हणून प्राजक्ता दिवसभर उपाशी राहिली आणि निघताना दोन पेले कढी मात्र प्यायली. फुगडी ऐन रंगात असताना कळ आली. ती विनीताचे हात सोडून पळाली. फुगडीत एकीने हात सोडले की दुसरी आपटतेच. विनीताचे मनगट मोडले आणि बोलणेही तुटले. प्राजक्ता कितीतरी दिवस माझ्याशेजारी बसून रडायची.

शेवटी ती सरकारी दवाखान्यात गेली. तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझं दुखणं खरं आहे. याला आयबीएस म्हणतात. आतडी हळवी असतात. जिवाला धोका नाही, पण त्यांच्या कलाने राहायला शिकावं लागेल." उपाशी राहायचे नाही, वेळेवर थोडे थोडे खायचे, रोज चालायचे. काय खाल्ले नि कधी दुखले ते वहीत लिहायचे. संशय असलेले पदार्थ तीन आठवडे बंद, मग एकेक परत.

पहिला संशय कुणावर? सोलकढीवर! मी कोपऱ्यात पडले, दातांना गंज चढला. माझा नुसता संताप झाला.

तीन आठवड्यांनी आधी खोबरे परत आले. पोट शांत. मग लसूण आला आणि त्याच संध्याकाळी कळ उठली. मी निर्दोष सुटले, मित्रांनो! सुभद्राचे डोळे मात्र भरले. "मीच तुका लसूण पाजलंय गो." तेव्हापासून आमची कढी बिनलसणाची.

यंदा चतुर्थीआधी प्राजक्ता विनीताकडून नारळ आणायचे निमित्त काढून गेली. परत आली ती विनीतालाच घेऊन. सगळे सांगून झाले होते.

"ह्यां आधी कित्याक नाय सांगलंस?" विनीता चिडली होती, पण प्राजक्ताचा हात तिने सोडला नव्हता.

"लाज वाटा होती गो."

"आता कळ इली तर सांग. हळू थांबया."

स्पर्धेच्या दिवशी प्रसादाचे नारळ खवायला मलाही देवळात नेले होते, म्हणून हे मी स्वतः पाहिले. फुगडी रंगली आणि प्राजक्ताचा चेहरा उतरला. माझे दात खोबऱ्यातच अडले. पण ती ओरडली, "विनीता, थांब गो!" गिरकी मंदावली, दोघी थांबल्या, मगच हात सुटले. थांबलेली जोडी बाद, हा नियम. प्राजक्ता मान ताठ ठेवून बाहेर गेली.

थोड्या वेळाने ती परत आली. विनीता रिंगणात तशीच उभी होती.

"स्पर्धा गेली," प्राजक्ता म्हणाली.

"जाऊंदे. फुगडी खंय गेली? धर हात."

आणि त्या फिरल्या! बायकांचे गाणे थांबेना, सुभद्रा टाळ्या पिटत होती आणि बक्षीस मिळवलेल्या जोडीकडे कुणाचे लक्षच नव्हते.

मित्रांनो, कुणी खेळातून किंवा पंगतीतून मध्येच उठले तर हसू नका. आणि तुमचेच पोट तसे असेल तर लपवू नका. आधी सांगा. तुम्ही परत येईपर्यंत जागा राखणारे कुणीतरी नक्की असते.