नंबर बदललेलं कपाट

मी एक लोखंडी कपाट बोलतोय. चार खणांचं, तबकडीच्या कुलपाचं. वजनाचं म्हणाल, तर मला उचलताना चार दणकट माणसांनी देवाचं नाव घेतलंय आणि खाली ठेवताना माझा उद्धार केलाय. ते शब्द इथे सांगत नाही.

बोलायची मला सवय नाही. माझा जन्मच मुळी तोंड मिटून बसण्यासाठी झाला. पण आता माझ्या पोटात लपवण्यासारखं काहीच उरलेलं नाही, म्हणून बोलतो.

कारखान्यात माझ्या दोन पत्र्यांच्या मधे आगीला दाद न देणारा लगदा भरला, वर हिरवट रंग दिला आणि शेवटी कुलूप बसवलं. कुलूप बसवणारा कारागीर माझ्या छातीला कान लावून तबकडी फिरवत होता. चार वेळा डावीकडे, तीन वेळा उजवीकडे, दोन वेळा डावीकडे आणि मग अडेपर्यंत हलकेच उजवीकडे. समाधान झाल्यावर तो शेजारच्याला म्हणाला, "याला फसवता येणार नाही बघ. आणि समजावताही येणार नाही."

मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

पहिली सतरा वर्षं मी एका कचेरीत काढली. माझ्यात गुप्त कागद असत. लोक माझ्याजवळून जाताना आवाज खाली आणत, त्यामुळे मलाही जरा शिंगं फुटली होती. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे कागद कुणाला कुठली खुर्ची मिळावी याबद्दलचे होते. एका साहेबांनी तर वरच्या खणात तीन वर्षं फक्त स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला. पण नियम म्हणजे नियम. माणूस बदलून गेला की त्याच दिवशी, खण उघडा ठेवून, कुलपात एक छोटी किल्ली घालून माझा नंबर बदलायचा. काल ज्याच्या हाताला मी उघडलो, त्याला आज मी ओळख दाखवायची नाही. मी कधी हूं की चूं केलं नाही. गेलेल्या माणसांची मला आठवण यायची असंही नाही.

मग कागद संगणकात गेले आणि मी व्हरांड्यात आलो. मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. माझ्या मुठींना लोक छत्र्या अडकवायचे. जाता येता कुणीही तबकडीला एक गरका देऊन जायचं. अशी किती वर्षं गेली, मोजायचं मी सोडून दिलं होतं.

तिथे मला मास्तर भेटले.

मास्तर पिस्तुलाने नेम धरायला शिकवायचे. स्पर्धांचा नेम, कागदी चकतीवरचा. उंच, बारीक, आणि हात असे स्थिर की त्यांच्या हातातल्या कपातला चहा हलत नसे. त्यांनी माझ्या पाठीवर बोटांची टकटक केली, माझे चारही खण ओढून बघितले आणि म्हणाले, "हा ठोकळ्या मला हवाय."

घरी त्यांची बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, हे आत येणार कुठून? भिंत पाडायचीय का?"

भिंत नाही पाडली, पण दार बिजागऱ्यांपासून काढावं लागलं. स्वयंपाकघराशेजारच्या लहान खोलीत मास्तरांनी मला जमिनीला चार बोल्टांनी जखडलं. "दोन खण एकदम ओढले तर हा अंगावर येईल," ते बायकोला म्हणाले. मला थोडा राग आला, पण बोलणं खरं होतं.

पुढचे पंधरा दिवस ते माझ्यात वाकून काम करत होते. फायली लटकवायच्या सळ्या काढल्या. प्रत्येक खणात लाकडी फळी बसवली, फळीत पिस्तुलाच्या आकाराच्या खाचा कोरल्या, सगळ्या मिळून पाच, त्यावर मऊ कापड चिकटवलं. ओलावा शोषणाऱ्या पुड्या कोपऱ्यात ठेवल्या. गोळ्या मात्र माझ्याकडे कधीच आल्या नाहीत. त्या दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. "दोघांची गाठ पडायला नको," असं ते म्हणत. सगळ्यात शेवटी वरच्या खणाच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वतःच्या अक्षरातलं एक कार्ड चिकटवलं.

'ज्याचं पिस्तूल एकदाही उघड्यावर राहील, त्याला नंबर नाही. कारण विचारलं जाणार नाही.'

आणि एक रीत घातली. माझ्यात पिस्तूल ठेवताना दोन माणसं लागत. एकाने विचारायचं, "रिकामं?" दुसऱ्याने नळी उघडून, आत बघून, बोट घालून मगच म्हणायचं, "रिकामं. बघितलं." नुसतं "हो" चालत नसे. घरात मास्तर विचारायचे आणि त्यांची मुलगी उत्तर द्यायची. कधी ती विचारायची आणि मास्तर उत्तर द्यायचे. मास्तरांची बायको स्वयंपाकघरातून चेष्टा करायची, "डबे रिकामे आहेत, ते बघा आधी!"

मला माणसांचा लळा लागला तो इथे.

मुलगी सतरा वर्षांची झाली तेव्हा तिचा नेम बापाच्या वर गेला होता. मास्तर तोंडावर कधी म्हणाले नाहीत, पण एकटे असताना माझ्यापाशी म्हणाले, "ठोकळ्या, पोरगी आपल्याला मागे टाकणार रे!" मोठ्या निवडीची स्पर्धा चार दिवसांवर आली होती. त्या दिवशी सराव करून आल्यावर तिने पिस्तूल माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवलं, आणि दारात मैत्रिणीने हाक मारली म्हणून धावत गेली. ती परत आली तेव्हा मास्तर टेबलापाशी उभे होते.

"अकरा मिनिटं," ते एवढंच म्हणाले.

त्यांनी माझा नंबर बदलला. तिला सांगितला नाही. सराव बुडाला, स्पर्धा बुडाली. आई किती विनवत होती. "अहो, पोर आहे ती. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा करतं का कुणी?"

"चूक नेहमी एवढीशीच असते," मास्तर म्हणाले.

मुलगी रडली नाही. तिने पुन्हा कधी नंबर विचारला नाही आणि पिस्तुलाला हातही लावला नाही. शिकली, औषधाच्या दुकानात कामाला लागली, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. येत राहिली, बोलत राहिली, पण या खोलीच्या उंबऱ्याशी तिचं पाऊल थबकायचं. "रिकामं?" ला उत्तर द्यायचं काम आईकडे गेलं. मास्तरांना चुकल्यासारखं वाटत होतं का? मला वाटतं, वाटत होतं. कधीकधी खण बंद केल्यावरही ते तबकडीवर हात ठेवून उभे राहायचे. पण तो माणूस स्वतःचा शब्द मोडणाऱ्यातला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. मग मास्तर "रिकामं?" स्वतःच विचारू लागले आणि स्वतःच उत्तर देऊ लागले.

आणि मग हळूहळू एक एक गोष्ट निसटू लागली. तेच पिस्तूल दिवसातून तीनदा पुसायचे. खण उघडून, "काय घ्यायला आलो होतो रे?" असं मला विचारायचे. बोटं मात्र नंबर विसरली नव्हती. डोळे मिटूनही ती बरोबर आकड्यावर थांबायची. मी त्यांना सांभाळून घेत होतो असं म्हणायला हवं, पण मी काय सांभाळणार? नंबर बरोबर आला की उघडायचं, एवढंच मला येतं.

एका सकाळी त्यांनी सगळं रीतसर केलं. खण ओढला. "रिकामं?" "रिकामं. बघितलं." वस्तू खाचेत ठेवली, खण लोटला, तबकडी फिरवली, ओढून खात्री केली. खाचेत ठेवलेली वस्तू होती त्यांची चष्म्याची डबी.

पिस्तूल बाहेर होतं.

माझ्या उभ्या आयुष्यात मी कधी घाबरलो नव्हतो. त्या दिवशी घाबरलो. नात, सगळे जिला पिंटुकली म्हणतात ती, शाळा सुटली की थेट आजोबांकडे यायची. आल्याबरोबर प्रत्येक खण, प्रत्येक डबा उघडून खाऊ शोधायची. आणि मी, ज्याला घरात आणलं ते नेमकं याच गोष्टीसाठी, चष्म्याची डबी जिवापाड सांभाळत उभा होतो. ओरडावंसं वाटलं. खण आदळावेसे वाटले. कारागिराने मला जीभ दिली नव्हती.

दुपारी मुलगी आली ती वडिलांना जेवायला वाढायला. मास्तर डोळे बारीक करून वर्तमानपत्र वाचायला धडपडत होते. "बाबा, चष्मा कुठाय?"

"उशाशी असेल बघ. नेहमीच्या जागी."

ती आतल्या खोलीत गेली. उशी सरकवल्याचा आवाज आला. मग ती माझ्या खोलीत आली, उंबऱ्याशी न थबकता. तिच्या हातात पिवळ्या पुसायच्या कापडात गुंडाळलेलं पिस्तूल होतं.

"बाबा, जरा कपाट उघडता?" तिचा आवाज अगदी साधा होता.

मास्तरांनी मला उघडलं. खाचेतली डबी तिने पाहिली. मास्तरांनी नाही पाहिली. त्यांची नजर पिस्तुलावर होती, आणि सवयीने त्यांनी विचारलं, "रिकामं?"

तिने नळी उघडली. तिच्या तळहातावर एक गोळी पडली.

तिने मूठ मिटली. वडिलांकडे पाहिलं. "रिकामं," ती म्हणाली. "बघितलं."

माझ्यासमोर त्या खोलीत बोललं गेलेलं ते पहिलं खोटं उत्तर.

तिने डबी काढून घेतली आणि पिस्तूल जागेवर ठेवलं. मास्तर हात धुवायला गेले तेव्हा माझा खण उघडाच होता. नंबर बदलायची किल्ली कुठे असते हे तिला सतरा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. ती माझ्या कुलपात किल्ली घालत असताना ते कार्ड तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिने ते वाचलं असावं, कारण तिचा हात मधेच थांबला. मग तिने किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मास्तर आले. चार वेळा डावीकडे, तीन वेळा उजवीकडे. मी उघडलो नाही. त्यांनी पुन्हा केलं. बोटं पुसली, पुन्हा केलं. "चुकतंय माझंच काहीतरी," ते म्हणाले. ते चुकत नव्हते हो. एकही आकडा चुकत नव्हता. व्हरांड्यातून मला उचलून माणसांत आणणारा हात माझ्या छातीवर पुन्हा पुन्हा तबकडी फिरवत होता आणि मी त्याला ओळख दाखवत नव्हतो. कचेरीत हेच करताना मला काही वाटलं नव्हतं. इथे माझं काळीज फाटत होतं, आणि कुलूप आपलं काम चोख करत होतं.

चार दिवस ते येत राहिले. चारही दिवस मुलगी रजा टाकून आली होती आणि दारात उभी राहून त्यांच्या बोटांकडे बघत होती.

चौथ्या दिवशी ते एकदम थांबले. "नंबर बदललाय," ते म्हणाले. क्षणभर अगदी पूर्वीचे मास्तर. "म्हणजे कुणाचं तरी पिस्तूल बाहेर राहिलं. कुणाचं?"

मुलगी पुढे आली. "माझं, बाबा. माझ्याकडून राहिलं."

"तुझ्याकडून?" ते तिच्याकडे बघत राहिले. "आणि नंबर मी बदलला?"

"हो. तुम्हीच."

"तुला नाही सांगितला?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

 "बावीस वर्षं, बाबा."

मास्तरांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, मग बोलायचं नाही का? एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा करतं का कुणी? चुकलंच माझं." आणि मग घाईघाईने, "जा, हात धुऊन ये. स्पर्धा जवळ आली, सराव बुडतोय तुझा."

ती जागची हलली नाही. सतरा वर्षांची असताना जे रडायचं राहिलं होतं, ते ती तेव्हा रडली. मास्तर गोंधळून तिची पाठ थोपटत होते. "आता काय झालं? म्हटलं ना, माझं चुकलं म्हणून."

त्या आठवड्यात नेमबाजी मंडळाची दोन माणसं कागदपत्रं घेऊन आली. पाचही पिस्तुलं एक एक करून बाहेर काढली, प्रत्येक उघडून बघितलं आणि पेटीत घालून नेली. मास्तरांना तेवढ्या वेळापुरतं पिंटुकली बागेत फिरायला घेऊन गेली होती.

सगळे गेल्यावर मुलगी माझ्यासमोर बसली आणि तिने पुन्हा किल्ली घातली. बावीस वर्षं तिला न सांगितलेला नंबर तिने वडिलांच्या बोटांकडे बघून पाठ केला होता. तोच तिने परत लावला.

तर असा मी आहे. पाच रिकाम्या खाचांचा, जमिनीला जखडलेला. आता दोन्ही बिऱ्हाडंही एक झाली आहेत. मुलगी नवऱ्याला आणि पिंटुकलीला घेऊन याच घरात राहायला आली आहे. पुढे कधी मी दुसऱ्या कुणाच्या घरी गेलो, तर माझं एवढंच मागणं आहे. मला विश्वासू म्हणू नका. मी फक्त घट्ट आहे. माझ्यात काय गेलं आणि बाहेर काय राहिलं हे मला सांगता येत नाही. ते बघायला माझ्याशेजारी एक माणूस ठेवा, आणि त्याच्या हातून चुकलं तर त्याच्याशी माझ्यासारखे वागू नका.

तीन वाजले. मास्तर आलेत. चार वेळा डावीकडे, तीन वेळा उजवीकडे, दोन वेळा डावीकडे, आणि मग हलकेच. मी उघडतो. आताशा मी जरा घाईनेच उघडतो. ते चष्म्याची डबी कापडाने पुसतात, जपून खाचेत ठेवतात आणि मान वळवून विचारतात, "रिकामं?"

स्वयंपाकघरातून त्यांची मुलगी हात पुसत येते. वाकून माझ्या चारही खणांत बघते. पाचही खाचा, एक एक करून, रोज.

"रिकामं, बाबा," ती म्हणते. "बघितलं."