त्सुदाच्या शलगमांची बरणी आणि घासूनपुसून लखलखीत केलेला तो दिवस

मी एक जुनी बरणी आहे. मित्रांनो, आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. कुणीच ठेवत नाही. पण दाब म्हणून माझ्यावर बसणारा हा दगड सगळ्याला साक्षी आहे. सत्तर वर्षांत तो एक शब्द बोललेला नाही, म्हणून तर मला निवांत सांगता येतं.

माझं वय तीनशे. बुडाखाली काहीतरी वेगळं लिहिलेलं आहे, पण तिथे वाकून कोण बघतं! जपानमधल्या मात्सुए गावात, तळ्यापासून तिसऱ्या गल्लीत, फुसाए आजींच्या स्वयंपाकघरात जमिनीखालच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात भाताच्या कोंड्याचा ओला, आंबट गारा. त्यात मीठ, वाळलेली मिरची आणि आजींच्या सासूबाईंच्या काळापासूनचं विरजण. थंडी पडली की जवळच्या त्सुदा भागातली वाकडी जांभळी शलगमं दांडीवर वाळतात आणि मग माझ्या पोटात येतात. माझा आंबटपणा असा की एकदा नुसत्या वासाने पोस्टमनची दाढदुखी थांबली. तळ्यातले शिंपले माझ्या दिशेला तोंड करून झोपतात.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. कोंडा रोज हाताने खालीवर करावा लागतो. चमच्याने चालत नाही. फुसाए आजी पहाटे उठून कोपरापर्यंत हात घालायच्या. घरात सगळे निजलेले असायचे, त्यामुळे हे कुणी पाहिलं नव्हतं.

मारितनेही नाही. मारित ही नॉर्वेची विद्यार्थिनी. जपानी रीतिरिवाज शिकायला आलेली, तीन महिने आजींकडे राहिलेली. चहा करायला शिकली, ब्रशने अक्षरं काढायला शिकली, गुडघ्यांवर बसून पायांना मुंग्या आणायला शिकली. रोज सकाळी भाताबरोबर माझी शलगमं खाताना म्हणायची, "आजी, हे तर मी घरी चोरून नेणार!"

जायला पाच दिवस उरले तेव्हा आजी मोतीबिंदू काढायला दोन रात्रींसाठी इस्पितळात गेल्या. जाण्याआधी त्यांनी माझ्यातली सगळी शलगमं काढून घेतली. नवी दांडीवर वाळत होती. थंडीत दोन दिवस कोंडा टिकतो, म्हणून त्यांनी मारितला काही सांगितलं नाही.

इकडे मारितच्या शिक्षकांनी मुलांना सांगून ठेवलेलं की, जिथे राहिलात ते घर जाण्यापूर्वी आरशासारखं करा. मारितने मनावर घेतलं. दारं पुसली, चटया झाडल्या आणि शेवटी जमिनीतलं झाकण उचललं. आत मी. माझ्या आत तपकिरी चिखल आणि तो वास.

पोरीचा चेहरा कळवळला. "अरेरे! आजींना दिसत नाही ना, काहीतरी नासलंय आणि त्यांना कळलंच नाही. कुणाला समजलं तर किती लाज वाटेल त्यांना."

म्हणून, मित्रांनो, तिने आजींची लाज झाकायला माझं पोट कचऱ्याच्या पिशवीत रिकामं केलं. गाणं वाजवत गाडी आली, पिशवी घेऊन गेली. मग साबण, कढत पाणी, काथ्या.

हा भाग मी पटकन सांगते. मी झुंजले. तिच्या हातून तीनदा निसटले. असा टाहो फोडला की गल्लीतली सगळी मांजरं तळ्यापर्यंत पळाली. काथ्या मी दातांनी धरून ठेवला. बरण्यांना दात असतात का, असं विचारू नका. पुढे चला.

आजी परतल्या, एका डोळ्यावर पट्टी. मी खिडकीत पालथी, लखलखीत. त्यांनी मला पाहिलं. हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"बाई बाई, केवढं घर चकाचक केलंस! दमली असशील. बस, चहा टाकते."

एवढंच. दुसऱ्या दिवशी न्याहारीला दुकानातला पिवळा मुळा होता. "शलगमं संपली," आजी म्हणाल्या आणि भात वाढत राहिल्या.

मारित गल्ली झाडायला बाहेर पडली तेव्हा समोरच्या दारातून योशिनोबाईंनी तिला हाक मारली. या आजींच्या नणंद. त्या आठवड्यात गल्लीतल्या कचऱ्याच्या जागेवर लक्ष ठेवायची पाळी त्यांची होती आणि नाक या वयातही शिकारी कुत्र्याचं.

"काय गं ए पोरी, परवा माझ्या आईला कचऱ्यात टाकलंस?"

"तुमच्या आईला?"

"आईचं विरजण होतं ते. पन्नास वर्षं वहिनी रोज हात घालत आल्यात त्यात. सकाळी जी शलगमं खातेस ना, ती त्याच चिखलातली."

मारितच्या हातातला झाडू तिथेच राहिला. "आजी तर काहीच बोलल्या नाहीत!"

"बोलतील कशा? जा, आधी तू सांग. माझ्याकडे आईचा वाटा आहे, लग्नात आणलेला. पण मागायला वहिनीच आल्या पाहिजेत."

इथे घोळ होता. अकरा वर्षं या दोघी एकमेकींना नुसत्या वाकून नमस्कार करत होत्या. आजींचे यजमान गेले, त्यांच्या तेराव्याला नव्हे, इथे जो विधी असतो त्याच्या जेवणात, योशिनोबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "वहिनी, लोणचं खारट झालंय. आईच्या हाताची सर नाही." तेव्हापासून गल्ली मधे.

मारित घरात आली, गुडघे टेकले, कपाळ चटईला लावलं. "आजी, मी फेकलं. मला वाटलं, नासलंय. तुम्हाला लाज वाटू नये म्हणून गुपचूप केलं."

"माहीत आहे गं."

"मग रागावला का नाहीत?"

"परवा जायचंय तुला. दोन दिवसांसाठी तुझं तोंड कशाला उतरवू?" आजी हसल्या. "म्हणजे तू माझी लाज झाकलीस, मी तुझी. दोघींनी मिळून बरणी तेवढी रिकामी केली."

मारितने योशिनोबाईंचा निरोप सांगितला तेव्हा हसू मावळलं. "त्यांच्या दारात? मी? दुकानातला मुळा खाईन जन्मभर."

मारितने मला छातीशी धरलं आणि ती रडू लागली, अगदी लहान पोरीसारखी, नाक ओढत. आजींनी एका डोळ्याने ते बघितलं. मग उठल्या, खांद्यावर शाल घेतली. "चल. बरणी नीट धर."

गल्ली सहा पावलांची. आजींना ती ओलांडायला फार वेळ लागला. योशिनोबाई दारातच होत्या.

"आमच्याकडचं खारट लागेल हो, वहिनी."

आजी वाकल्या, खूप खाली. "त्या दिवशी खारटच झालं होतं, वन्सं. मीठ दोनदा पडलं. रडत होते, दिसलं नाही."

योशिनोबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि मला बोलून झाल्यावर त्याच रात्री वाटली," योशिनोबाई म्हणाल्या. "पण अकरा वर्षं तोंडातून निघेना." मूठभर विरजण द्यायचं होतं, माझं अर्धं पोट भरून दिलं.

शेवटच्या दोन पहाटे मारित आजींबरोबर उठली. बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला. शलगमं काही मुरली नाहीत, वेळच नव्हता. निघताना ती दोन्ही हात नाकाशी नेऊन म्हणाली, "एवढं तरी चोरून नेते." पुढे तिचं पत्र आलं. तिच्या आईने विमानतळावरच विचारलं होतं, "कसला गं हा वास?" आणि तीन दिवस मारितने नखं घासली नव्हती.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी खाली, अंधारात, वास येणारं काहीतरी जुनं असेल. फेकण्याआधी घरच्या मोठ्यांना विचारा. आणि विचारून झालं की त्यात रोज हात घाला. चव बरणीत नसते, हातात असते. आज योशिनोबाई रोज सकाळी इथे येऊन नावं ठेवतात, फुसाए आजी ऐकून घेत नाहीत, आणि मी भरलेली आहे. माझ्याकडून तर कुठे कसूर झालीच नाही. त्या दिवशी मी शेवटपर्यंत, दात ओठ खाऊन, त्या काथ्याशी झुंज...

"खोटं," दगड म्हणाला. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. "मी ओट्यावरच होतो. तू म्हणालीस, 'अगं बाई, पाठीवर अजून जरा घास.' आणि दुपारभर खिडकीच्या काचेत आपल्या अंगावरचा, मळाखालून निघालेला रंगीत करकोचा बघत बसलीस."