व्हय म्हाराजा

"पाय घट्ट धर. आणि सुरीकडं बघू नकोस."

बापाचा हा आवाज बिस्नानं लहानपणी ऐकला होता, नेपाळातल्या डोंगरावर, दसऱ्याच्या बोकडाचे पाय धरून बसली होती तेव्हा. बोकडाची धडधड तिच्या तळहातांत शिरली, आणि मग एकाएकी थांबली. आज तारकर्लीच्या वाळूत बसल्या बसल्या तीच धडधड तिला स्वतःच्या घोट्यांत लागत होती.

उद्या गाडी होती. देवगडच्या आंबाबागा रिकाम्या झाल्या, राखणीला आलेले नेपाळी परतू लागले. या खेपेला बिस्नाचा नवरा नरबहादूर तिला कायमची गावी नेणार होता. परवा खोपीत तिचा गळा दाबून त्यानं सांगितलं होतं, "इथं शेजारी धावून येतात. आपल्या कड्यावरून ढकललं तर कोण येणार?" बिस्नानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. काजूच्या कारखान्यात रोज मांडीला मांडी लावून बसणाऱ्या काशीबाईलाही नाही. लाज जिभेवर दगडासारखी बसली होती.

आजची सहल काशीबाईनंच काढली होती. सोबत तिची भाची सलोनी आणि टेम्पोवाला भाऊ बाबू.

"चेडू आमचा मुलखाक चल्ला," ती बिस्नाकडं बोट दाखवून म्हणाली. "तेका समुद्र दाखवल्याबिगर धाडू?"

"देवगडात काय तळी आसा गो?" बाबू म्हणाला.

"थंयलो समुद्र मासळेचो. ह्यो फिरूक येवचो!"

बिस्ना हसली. हसताना ओठाची जुनी चीर उलली. समोर लाटा किनाऱ्याला थोबाडत होत्या, एक मार खाऊन वाळू सावरते न सावरते तोच दुसरी. बाबूनं सुरमई चिरली, सलोनीनं जिवंत कुर्ल्यांचे डेंगे, त्यांच्या जाड नांग्या, कडाकड मोडल्या. नरबहादूर बाजूला बाटली घेऊन बसला होता. तो मोजून मापून पीत होता.

जेवणं झाली. सलोनीनं अबोलीचा वळेसर बिस्नाच्या वेणीत माळला. "बघ गो मावशे, नवरी दिसता!"

नरबहादूर उठला. "कुणाला दाखवायला?"

त्यानं वेणी मुठीला गुंडाळली आणि तिला फरफटत पाण्यात नेलं. अबोली चुरगाळली. बिस्नाचं तोंड लाटेखाली गेलं. नाकात मीठ, दातांत वाळू, मानेवर गुडघा. कानांत समुद्र गुरगुरला. वर कुठं तरी सलोनी किंचाळत होती.

बाबूनं किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीतलं वल्हं उचलून नरबहादूरच्या पाठीत घातलं. तो वेणी सोडून वळला, धावत जाऊन त्यानं माशांची सुरी उचलली आणि परत येऊन बाबूचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला. बाबूनं दुसऱ्या हातानं वल्हं त्याच्या तोंडावर मारलं. नाक मोडल्याचा आवाज कुर्लीच्या डेंग्यासारखाच आला. सुरी पाण्यात पडली.

मग नरबहादूर वाळूत बसून रडू लागला. हात जोडले. "चुकलो, दाजू, मोठा भाऊ आहेस तू माझा. दारूनं घात केला."

रडणारा पुरुष बघून सगळी विरघळली. काशीबाईनं भावाच्या हाताला टॉवेल आवळून बांधला. "उद्या दोघांनी वाटेक लागाचा आसा. असो राग घेवन जाव नये. बाबू, देवाक गाऱ्हाना घाल."

बाबूनं रक्ताळल्या हातानं नारळ धरला, दर्याकडं तोंड केलं. प्रत्येक मागण्याला होकार द्यायला सगळी मागे उभी राहिली. ओली बिस्नाही.

"बा देवा दर्याच्या म्हाराजा! परमुलखातली ही लेक आमच्यात ऱ्हवली, आमच्या ताटात जेवली..."

"व्हय म्हाराजा!"

"आज तिच्या संसारात इडापिडा शिरली, ती दूर कर..."

"व्हय म्हाराजा!" नरबहादूरचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"हिका घोवाबरोबर सुखरूप धाड, तेच्याच घरात जल्मभर नांदव, म्हाराजा!"

"व्हय..."

"नाय म्हाराजा."

आवाज बिस्नाचा होता. गाऱ्हाण्याला असं उत्तर त्या किनाऱ्यावर कुणी ऐकलं नव्हतं. बाबूचा नारळ हवेतच राहिला. नरबहादूरनं आपल्या भाषेत, दबक्या आवाजात तिचं नाव घेतलं.

बिस्नानं तोंडातली वाळू थुंकली. रक्तही थुंकलं.

"मावशे, थंय नेवन तो माका कड्यावरसून ढकलतलो. तेनाच सांगल्यान. माका जावचा नाय."