हमखास सोवळी

"बारा दिवस थांबल्यानं असं काय आभाळ कोसळते, मी म्हणतो," चुलीशी पुटपुटणाऱ्या बेबीताईंना वाटलं, कोणाला ऐकू गेलं नाही. पण पाठीला पाठ लावून त्यांची सून अर्पिता डाळ निवडत होती. तिला अक्षरन् अक्षर ऐकू आलं.

बोंडअळीच्या त्या साली नेर तालुक्यातल्या त्यांच्या गावात कपाशीच्या पऱ्हाटीचा भरवसा उरला नव्हता. भरवसा होता तो अर्पिताचा. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात कोणती बाई ऐन वेळी बाहेर बसेल, नेम नसे. अर्पिता कधीच बसत नसे. त्यामुळे मंगल कार्यालयासारखी तिची महिनाभर आधी नोंदणी व्हायची, आणि बेबीताईंची मान ताठ.

कारण मात्र घरात कोणी उच्चारत नसे. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून पीसीओएस सांगितलं होतं. "तुझी चूक नाही, हार्मोन्सचा घोळ आहे. रोज चाल, गोड कमी कर. पण पाळी अशी महिनोन्महिने अडून राहिली, की आतलं अस्तर साचतं. या दहा दिवसांच्या गोळ्या घे."

गोड कमी करायचं, आणि बाईचा मुक्काम पुरणाच्या पातेल्याशी. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, म्हणून तेवढं तरी पथ्य पाळलं जाई.

गोळ्या आणल्या तेव्हा नागपंचमी होती. मग जन्माष्टमी आली. आता महालक्ष्म्या. आज सुरू केल्या, तर बरोबर सणात पाळी यायची. "तुह्यं ते पाहू मंग," बेबीताई म्हणत. नवरा ऋतिक "तुझा तो प्रॉब्लेम" म्हणे. सासरे बबनराव कपाशीवरच्या अळीचं अंड्यापासून पतंगापर्यंत सगळं सांगत, पण सुनेच्या दवाखान्याचा विषय निघाला, की पेपर डोळ्यांपुढे धरत.

तेवढ्यात शेजारच्या वामनरावांच्या घरच्या काकू आल्या.

"बेबीताई, आमच्या तिघी सुनांच्या तारखा नेमक्या सणात आल्या पाहा. अर्पिताले धाडसान ना? देवीनंच देल्ली तुम्हाले अशी सून."

"न्या की. तिचं काही नसते."

बबनरावांचा पेपर वर गेला. अर्पितानं सूप बाजूला ठेवलं आणि ती उठली.

"अवं, बस ना," बेबीताई हळूच म्हणाल्या.

"बसतो जी. आजपासून गोळ्या सुरू करतो, मंग सणातच बसतो," अर्पिता म्हणाली आणि काकूंकडे वळली. "काकू, मले पाच महिन्यांपासून पाळी आली नाही. मी सोवळी नाही, आजारी आहो."