चौथ्या टाकीचं मीटर

एर्गाश उस्तादांनी मीटर ओठांजवळ धरलं आणि त्याच्यावर फुंकर मारली. आकडा हलला नाही. २०.९. मोडलेल्या बरगड्यांवर हात दाबून त्यांनी पुन्हा एक लांब, ऊन श्वास त्याच्यावर सोडला. २०.९.

२०.९ टक्के म्हणजे मोकळ्या हवेतला प्राणवायू; फुंकर मारली की हा आकडा खाली यायला हवा. माणसाच्या सोडलेल्या श्वासात प्राणवायू कमी असतो, आणि तेवढं मीटरला कळलंच पाहिजे. सरकीच्या तेलाच्या या कारखान्यात बावीस वर्षं ते प्रत्येक नव्या पोराला हे शिकवत आले होते. "टाकीच्या तळाशी गाळ कुजतो आणि कुजताना आतली हवा खाऊन टाकतो. वास येईलच असं नाही. म्हणून उतरण्याआधी मीटरला आपला श्वास द्यायचा. दचकलं तर जिवंत. नाही दचकलं तर ते मेलेलं, आणि त्याच्या भरवशावर उतरणारे तुम्हीही."

गेल्या मंगळवारी चौथ्या टाकीपाशी त्यांनी स्वतः फुंकर मारली नव्हती. का मारली नाही, हे सात दिवस आठवूनही त्यांना सापडत नव्हतं. घाई नव्हती. कुणी हाक मारली नव्हती. त्यांनी नुसतं आकड्याकडे पाहिलं, टाकीत उतरण्याच्या परवान्यावर २०.९ लिहिलं आणि सही केली.

त्यांच्या टोळीतला सोबिर गाळ काढायला फावडं घेऊन उतरला आणि तिसऱ्या मिनिटाला कोसळला. कमरेची दोरी ओढली तर ती आतल्या नळीत अडकलेली. त्याचा थोरला भाऊ महकम याच टोळीत होता. तो टाकीच्या तोंडाकडे धावला. दुसराही जीव आत जाऊ नये म्हणून एर्गाश उस्ताद त्या तोंडावर आडवे पालथे पडले. महकमने त्यांना लाथा घातल्या, केस धरून ओढलं, शिव्या दिल्या, शेवटी विनवण्या केल्या. ते हलले नाहीत. नमनगान शहरातून श्वासाची नळकांडी घेऊन बचाववाले यायला सव्वीस मिनिटं लागली.

कारखान्यातल्या त्यांच्या खोलीचं दार वाजलं. मुख्य अभियंता फोझिल आत आला. त्याच्या हातात नवा कोरा खोका होता.

"अका," थोरल्यांना म्हणतात तसं तो म्हणाला, "उद्या चौकशी समिती मीटर मागेल. हे द्या."

"हे त्या दिवशीचं नाही."

"दिसायला तेच आहे. क्रमांकाची पट्टी मी बघतो. सोबिर जेवणानंतर न विचारता खाली गेला, असं म्हणू. विषय संपला."

"जेवणाआधीच गेला तो. मी पाठवला."

"पोरगा गेला, अका. त्याला आता काय फरक पडतो? तुम्हाला पडतो. या वयात तुरुंगातलं पाणचट सूप पचणार आहे का तुम्हाला?"

एर्गाश उस्तादांनी खोका त्याच्याकडे परत सरकवला आणि जुनं मीटर कोटाच्या खिशात घातलं.

दुपारी ते सोबिरच्या घरी गेले. इतके दिवस इस्पितळात असल्यामुळे त्यांचं येणं झालं नव्हतं. फाटकाबाहेर महकम उभा होता, सुतकाच्या रिवाजाप्रमाणे लांब अंगरख्यावर कमरेला कापड बांधून. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी उस्तादांना पाहिलं. मग शेजारचे होशिम-अका सरकले.

"या, उस्ताद, बसा. वाट अडवून बसायची तर तुम्हाला सवयच आहे. खाली माणूस मरत असला तरी."

"होशिम-अका, पुरे," महकम म्हणाला.

त्याने स्वतः चहा ओतला. सगळ्यांनी तळवे पसरून प्रार्थना म्हटली, चेहऱ्यावरून हात फिरवले. एर्गाश उस्तादांनी घोटभर चहा घेतला आणि ते उठले. महकम त्यांच्याबरोबर अंगणातल्या तंदूरपर्यंत आला.

"मीटर बंद होतं, महकम," उस्ताद म्हणाले. "मी फुंकर मारली नव्हती. उद्या समितीला सांगणार आहे. त्याआधी तुझ्या दारात सांगणं भाग होतं."

महकम चिडेल, अंगावर येईल, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी बरगडीवर हातही धरला होता. पण तो तंदूरच्या काठावरची राख बोटाने पुसत राहिला.

"मला माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"सोबिरनं. तिथंच, पट्टा बांधताना. म्हणाला, अका, उस्तादांनी आज फुंकर मारली नाही. विचारू का?" त्याने बोट अंगरख्याला पुसलं. ते स्वच्छ झालं तरी पुसत राहिला. "मी म्हटलं, गप बस. ज्यांनी तुला शिकवलं, त्यांना चार माणसांत तू शिकवणार? लाज काढशील आपली. उतर."

आतून दोघा भावांच्या आईचा आवाज आला. पाहुण्यांना रोटी पोचली का, असं ती कुणाला तरी विचारत होती.

"हे तिला सांगू नकोस," एर्गाश उस्ताद म्हणाले. "कुणालाच सांगू नकोस. ऐकतोयस?"

महकमने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते उस्तादांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी समिती कारखान्याच्या सभागृहात बसली. ताशकंदहून एक बाई आल्या होत्या, बाजूला दोन अधिकारी. मागच्या बाकांवर टोळीतली माणसं. एर्गाश उस्तादांनी जुनं मीटर टेबलावर ठेवलं आणि शिकवताना सांगत तसं सावकाश सगळं सांगितलं: काय करायला हवं होतं, काय केलं नाही, सही कुणाची. फोझिल खिडकीबाहेर पाहत होता.

बाईंनी लिहून घेतलं.

"तिथं तुमच्याशिवाय चार माणसं होती. सगळी तुमच्या हाताखाली शिकलेली. तुम्ही मीटर तपासलं नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"नाही."

"एकाच्याही?"

"माझ्यावर भरवसा ठेवून असतात पोरं. कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं. लिहा, दोष माझा एकट्याचा."

बाईंनी मान डोलावली. पेन कागदावर चाललं.

मागे बाक करकरलं.

"उस्ताद, तुम्ही चुकीचं सांगताय."

महकम उभा होता. सभागृहातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. पांढऱ्या दाढीच्या माणसाला बोलताना कुणी अडवलेलं इथं कुणी पाहिलं नव्हतं.

"महकम!" फोझिल ओरडला. "वडीलधारं माणूस बोलतंय. खाली बस!"

महकम बसला नाही. तो बाईंकडे बघत नव्हता. एर्गाश उस्तादांकडे बघत होता, वर्गातल्या पोराने परवानगी मागावी तसा.

उस्तादांना त्याला गप्प करणं सोपं होतं. नुसती भुवई उचलली असती तरी तो बसला असता. त्यांना मोठा श्वास घ्यायचा होता, पण बरगड्या घेऊ देत नव्हत्या.

"बोल," ते म्हणाले. "मी चुकतोय तर मला अडव. सगळ्यांसमोर अडव."

बाईंनी लिहिलेली शेवटची ओळ खोडली, आणि पेन कागदाला टेकवून त्या थांबल्या.