डोमकळीचा तास

कोरोनाने शाळा बंद पडल्या त्या वर्षी ऑगस्टात वरून हुकूम आला, की प्रत्येक शिक्षकाने पोर्टलवर आपला ऑनलाइन वर्ग उघडावा. आसमा शेख संग्रामपूरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवायची. बारा वर्षांची नोकरी, फळ्यावर बेडकाचं हृदय एका दमात काढायचा हात. एका ॲपला काय घाबरायचं, असं म्हणत ती सकाळी चहाचा कप घेऊनच बसली. चहा गार झाला, साय धरली, तरी पहिलं पान काही पुढे सरकेना.

पासवर्ड टाकला तर त्यात मोठं अक्षर नाही. मोठं अक्षर घातलं तर आकडा नाही. सगळं जमलं तेव्हा ओटीपी मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर गेला, कारण शाळेची नोंद त्यांच्या नंबरावर. मुख्याध्यापक अर्जुनराव त्या वेळी स्वतःच्या वावरात तण काढायच्या डवरणीला गेलेले. अकरा वेळा फोन लावल्यावर एकदाचा लागला.

"सर, ओटीपी आला असेल. लवकर सांगा."

"थांबा मॅडम, चष्मा घरी राह्यला. गड्याले वाचाले लावतो."

गड्याने आकडे जुळवून वाचेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती.

असे दोन दिवस गेले. मग मुलांची नावं भरायची वेळ आली. वर्गात बेचाळीस पोरं आणि पोर्टलला हवा प्रत्येकाचा वेगळा मोबाईल नंबर. गावातल्या कचरूच्या जुळ्या लेकरांत मिळून एक फोन, तोही कचरूच्या खिशात. दुसरं नाव टाकलं की पडद्यावर लाल अक्षरं यायची: हा क्रमांक आधीच वापरात आहे. "आहेच ना वापरात! बापाच्या वापरात आहे!" आसमा पडद्यावर ओरडली. तिचे अब्बा रज्जाक ओट्यावर बसून दोरी वळत होते. त्यांनी वळून पाहिलं, आणि बोलण्यात अर्थ नाही हे ओळखून पुन्हा दोरीला लागले.

त्यात तिने वर्ग जमतो का बघायला त्याचं नाव 'टेस्ट' ठेवलं, आणि ते नाव नंतर बदलता येईना. पालकांचे फोन सुरू झाले. "मॅडम, शाळा बंद अन् परीक्षा चालू काऊन?" सतरा पालकांना तिने सतरा वेळा समजावलं.

पहिल्या तासाला चौघं आली. एकाकडे मोटारपंपाचा आवाज, एकाकडे नुसतं छत दिसत होतं. तिसऱ्या चौकटीत काजलचं नाव होतं आणि हिरवंगार शेत.

"काजल, तू कुठं आहेस?"

"वावरात, मॅडम. घरी रेंज नाही. फोन आईजवळ आहे, मी निंदून राह्यली."

"मग तास कोण ऐकतंय?"

"आई," काजल दुरून ओरडली.

आसमाने कपाळाला हात लावला. धडा होता कीटकांचं जीवनचक्र. अंडं, अळी, कोष, पतंग. तिने चित्र दाखवलं, नीट सावकाश सांगितलं. 'कोष' म्हणताच हिरव्या चौकटीत एका बाईचा हात आला. हातात कपाशीचं फूल होतं, पाकळ्या गुलाबासारख्या मिटून गुंतलेल्या.

"मॅडम, मी रुखमाबाई, काजलची माय. ही डोमकळी पाहा. याच्यात गुलाबी अळी असते. पाकिटावर तं बीटी लिहेल आहे. बीटीनं अळी मरते म्हणे. मंग हे जिती कशी?"

"रुखमाबाई, ते या धड्यात नाही."

"धड्यात नाही, पण वावरात आहे ना."

आसमाने तास पाच मिनिटं आधी संपवला. बाईचा राग आला नव्हता. राग स्वतःचा आला होता. आपण बीएस्सी झालेलो, कपाशी पिकवणाऱ्या घरात वाढलेलो, आणि उत्तर आपल्याला ठाऊक नाही.

जेवताना तिने अब्बांना विचारलं. रज्जाक हसले. "बियाणेवालेको पूछो, बेटा. हम तो बोते है, बस." मग काय आठवलं कुणास ठाऊक, उठून फवारणीच्या पंपामागून एक डबा आणला. त्यात सात-आठ लहान पाकिटं होती, फोडलेली नव्हती. बीटीच्या प्रत्येक थैलीसोबत एक फुकट येतं, म्हणाले, साध्या कपाशीचं. दुकानदार म्हणायचा, लावलं नाही तरी चालतं. कशाला जागा अडवायची?

पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं, की हे बियाणं बीटीच्या भोवती लावावं. का, ते लिहिलेलं नव्हतं. आसमाने तालुक्यातल्या कृषी सहायकाला फोन केला, कॉलेजची जुनी पुस्तकं काढली, दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी ती पोर्टलवर बसली तेव्हा रुखमाबाईचा प्रश्न गावभर झाला होता, आणि एकतीस जण आले होते. त्यांत पोरं सहा. बाकी मिशा, पदर, टोप्या.

"बीटीच्या झाडातच अळीला मारणारं विष असतं. साध्या कपाशीवर वाढलेल्या पतंगात ते पचवायची ताकद नसते," तिने सांगितलं. "बीटीवर जी अळी वाचली, तिच्यात ती असते. दोघांचं जोडपं जमलं तर पिल्लं विषाने मरतात. म्हणून ते लहान पाकीट. साधी कपाशी लावलीच नाही, तर विष पचवणाऱ्याला विष पचवणाराच भेटतो, आणि अळी वाढत जाते."

 मग कचरू पुढे आला, कॅमेऱ्याच्या इतका जवळ की फक्त नाक दिसत होतं.

"आम्ही तं ते पाकीट बांधावर फेकलं. दहा वर्सं फेकलं. आता सांगून राह्यल्या तुम्ही?"

"मला परवा कळलं, कचरूभाऊ."

"तुमाले परवा कळलं! तुमी मॅडम आहात ना?"

 पडद्यावर एकतीस चौकटी तिच्याकडे बघत होत्या.

"हो," ती म्हणाली. "आमच्या घरीही पडलेली आहेत ती पाकिटं. आठ."

कुणीतरी हसलं, कुणीतरी खाकरलं. रुखमाबाईने विचारलं, "मंग आता काय करावं, ते सांगा." आसमाने सहायकाने सांगितलेलं वाचून दाखवलं. डोमकळ्या दिसतील तशा तोडून आतल्या अळीसकट नष्ट करायच्या. कामगंध सापळे लावायचे, मादीच्या वासाने नर पतंग त्यात अडकतो. ही वेळ गेली तर फवारण्या वाढतील. रुखमाबाईने फोन बांधावरच्या दगडाला टेकवला आणि तास चालू असतानाच डोमकळ्या तोडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसमाचा वर्ग उघडेना. पडद्यावर आलं: अनोळखी सहभागींमुळे खाते गोठवले आहे. अर्जुनरावांचा फोन आला. "मॅडम, वरून विचारून राह्यले, आठवीत मिशा कायच्या?"

"त्यांना सांगा, पोरांचा फोन मिशांच्या खिशात असतो."

"हे मी कसं लिहू?"

"लिहा. मी सही करते."

अर्जुनरावांनी लिहिलं नाही. नवीन अर्ज, नवीन पासवर्ड, पुन्हा ओटीपी. नऊ दिवसांनी वर्ग उघडला. या नऊ दिवसांत आसमा दोनदा स्कूटीवर शाळेच्या गावात जाऊन आली. रुखमाबाईने रोज घमेलंभर डोमकळ्या तोडल्या होत्या. कचरूने एकही तोडली नव्हती, पण सापळे आणून टांगले होते, आणि त्यांत अडकलेले पतंग तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. अळी गेली नाही. रुखमाबाईच्या वावरात ती कमी दिसली, एवढंच आसमाला ठामपणे सांगता आलं.

उघडलेल्या वर्गात पहिल्याच दिवशी हिरव्या चौकटीत काजलचा चेहरा आला. घामाने भिजलेला, वैतागलेला.

"मॅडम, आज शाळेचं शिकवा ना. अळीचं असलं की आई फोनच देत नाही मले."

आसमाने पुस्तक उघडलं. पुढचा धडा ध्वनीचा होता. "चल, फोन कानाशी धर," ती म्हणाली, आणि मागून रुखमाबाईचा आवाज आला, की ध्वनी झाल्यावर मले दोन मिनिटं द्यायची.