तिसऱ्या तुकडीतली पिंकी

पिंकीला आदल्या दिवसापासून ताप होता आणि तिनं तो चोरीच्या मालासारखा लपवून ठेवला होता. केमहून बार्शीला येताना एसटीत ती मुद्दाम खिडकीशी अंग चोरून बसली. गोळी चहाबरोबर गिळली. जोतीराम सरांना पत्ता लागला असता तर त्यांनी तिला सरळ बाहेर बसवलं असतं. माणूस मायाळू, पण अशा बाबतीत दगड. आणि ही तर खो-खोची जिल्ह्याची फायनल. जिंकलं तर राज्य स्पर्धा. वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या साली तिला कुणी विचारणार नव्हतं.

केमच्या पोरींनी डाव चांगला रंगवला. शेवटच्या डावाला सात गुणांची आघाडी होती, आता फक्त नऊ मिनिटं नातेपुत्याच्या पोरींच्या हाती न लागता काढायची. मैदानात तिघी-तिघींच्या तुकडीनं उतरायचं. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी. पहिल्या तुकडीत पिंकी, हे केममध्ये लहान पोरालाही ठाऊक होतं. पण तिसऱ्या तुकडीतली सृष्टी सरांकडे गेली.

"सर, पिंकीला तिसऱ्या तुकडीत टाका. शेवटाला पक्की पोरगी पायजे. आधी मी जाते."

सरांना ते पटलं. पिंकीला मात्र तापापेक्षा ते जास्त झोंबलं.

"माझी जागा पायजे व्हती, तर तोंडानं सांगायचं की," ती सृष्टीला म्हणाली. सृष्टीनं नुसती बुटाची नाडी आवळली.

एरवी दीड मिनिटात बाद होणारी सृष्टी त्या दिवशी चार मिनिटं पळाली. गुडघे फुटले, तरी पळाली. तिच्या पाठची तुकडीही चिवट निघाली. सहा जणी बाद झाल्या तेव्हा घड्याळात जेमतेम दोन मिनिटं उरली होती आणि आघाडी एका गुणाची. आता एक जरी बाद झाली, तरी बरोबरी.

पिंकी उतरली. तिचे पाय जड आहेत हे समोरच्यांनी लगेच ताडलं आणि तिच्याच मागे लागल्या. एरवी ती टाळ्या मिळाव्यात म्हणून उगाच चार झेपा जास्त मारायची. आज नखऱ्याला अंगात त्राण नव्हतं. लागेल तेवढंच पळायचं, लागेल तेवढंच वळायचं. खांबाजवळ तिनं दोनदा अशी हुलकावणी दिली की मागची पोरगी तोंडावर आपटली. इतकं नेमकं ती आयुष्यात खेळली नव्हती. शिट्टी झाली तेव्हा तिला किंवा सोबतच्या दोघींना कुणाचा हात लागला नव्हता; केम एका गुणानं जिंकलं होतं.

शिट्टीसरशी ती मातीत बसली ती उठेचना. सरांनी कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे कुणाला म्हायती होतं?"

सृष्टीनं हात वर केला. मग दुसरीनं, तिसरीनं. बघता बघता आठही हात वर.

"खो देताना पाठीला हात लावावाच लागतोय की, सर," सृष्टी म्हणाली. "लई भाजत होती."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"तुमी तिला बसवलं असतं. म्हणून आमीच जरा जास्त पळलो."

सर त्यांना रागावले, आणि रागवायलाच हवं होतं. पिंकीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. दुखणं आपण एकटीनं अंगावर काढलं, या तोऱ्यात ती सकाळपासून होती; काढलं होतं नऊ जणींनी. एवढं आपल्यासाठी कुणी करतं, आणि तेही बोलून न दाखवता, या विचारानंच तिचा ऊर भरून आला. हरल्यावरही कधी न रडलेली पोरगी हुंदके देऊन रडली.

"माझं चुकलं," ती सृष्टीला म्हणाली.

"व्हय, चुकलंच," सृष्टी म्हणाली, आणि तिला दवाखान्यात न्यायला तिच्या बगलेत हात घालून उठवू लागली.